कागदातलं लाकूड

७ जानेवारी
ही वही लेकीनं दिली. म्हणाली, "बाबा, आता कारखाना सुटला, मापं कुठे लिहिणार? दिवसभरात जे होईल ते लिहा." चौतीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, मापांखेरीज हातानं काही लिहिलं नाही. बघू जमतंय तोवर.

जेवताना तिनं सांगितलं, पहिलीच्या वर्गासाठी ती कागदाचं फर्निचर करणार आहे. मला ठसकाच लागला. कागदी घोडे नाचवणारे जन्मभर पाहिले, पण कागदी खुर्च्या! ती हसली नाही. तिच्या वर्गात मोठ्या मुलांचे लोखंडी बाक आहेत. पोरांचे पाय लोंबकळतात, आणि बाक इकडचा तिकडे करायचा तर शिपायाला हाक मारावी लागते. तिला अशी खुर्ची हवी की सहा वर्षांचं पोर आपली आपण उचलून नेईल. गोष्टीला गोल बसायचं, गणिताला चार-चार. हलकी हवी, आणि वर मोठं माणूस बसलं तरी मोडायला नको. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, परवानगी दिली आहे. एप्रिलमध्ये शाळेची समिती बघायला येणार. पसंत पडलं तर लेकीची तात्पुरती नोकरी कायम होईल.

"मदत कराल ना, बाबा?"

आता लेक विचारते आणि बाप नाही म्हणतो, असं कधी झालंय?

११ जानेवारी
मागची खोली कारखाना झाली. कापडाच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, ताग्यांच्या आत असतात तशा. त्या खुर्चीचे पाय. बैठकीच्या पोटात पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या फळ्या, एकमेकींत खाचा पाडून बसवलेल्या. मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसतं. त्यावर कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून चिकटवायच्या. एक थर उभा, एक आडवा. एक थर वर्तमानपत्राचा, एक तपकिरी कागदाचा, म्हणजे कुठे राहिलं ते डोळ्याला कळतं. असे सोळा थर. कडांना लगदा. शेवटी घासून रंग.

खळीत मोरचूद घाल, कीड लागणार नाही, असं मी सुचवलं. "बाबा, माझी पोरं खुर्ची चाटतात," ती म्हणाली. राहिलं.

पट्ट्या फाडायचं काम आमच्या हिच्याकडे. हिला फाडायला सांगितलं याचा हिला केवढा आनंद! एरवी एक कागद टाकू देत नाही.

२३ जानेवारी
पहिली खुर्ची वाळली. ही बसली. आमच्या हिचं वजन मी इथे लिहीत नाही, वही कुणाच्याही हाती लागू शकते. खुर्ची हूं की चूं नाही. लेकीनं टाळ्या वाजवल्या आणि एका हातानं खुर्ची उचलून खोलीभर मिरवली. आज घरात बरं वाटलं.

५ फेब्रुवारी
चार झाल्या. वीस करायच्या आहेत.

आज ती शाळेत गेल्यावर पाचवीचे पाय हातात घेऊन बसलो होतो. नळी अंगठ्यानं दाबली. दबली नाही, पण दबेल असं वाटलं. माझ्या हाताला कागदाची खात्रीच पटत नाही. आत गाभा नाही, शिरा नाहीत. आज टिकेल, एप्रिलपर्यंत टिकेल, पण समितीच्या कुणी जाडजूड माणसानं पाय हलवून बसकण मारली तर? सगळ्यांसमोर लेकीचं नाक कापलं जायचं.

जुन्या खिडक्यांच्या लाकडी रिपा पडून होत्या. घासून गोल केल्या आणि चारही नळ्यांत एक-एक ठोकली. बैठकीखाली दोन आडव्या पट्ट्या, चार खिळे. वरून तोच कागद. बापाला एवढं करता येत असेल तर त्यानं का करू नये? तिला सांगायची गरज नाही. तिच्या नोकरीचं तरी कुठे सांगितलंय.

९ फेब्रुवारी
तिनं पाचवी उचलली आणि थबकली. "ही जड का लागते हो?"

माझ्या तोंडून गेलं, "आतून ओली असेल. वाळली की होईल हलकी."

तिला पटलं. माझं तिला नेहमी पटतं, कामातलं.

१८ फेब्रुवारी
पाचवी, सहावी, सातवी अंगणात उन्हाला आहेत. सकाळी शाळेत जाताना ती त्यांची तोंडं पूर्वेकडे करते, आल्यावर पश्चिमेकडे. रोज काट्यावर ठेवून वजन आपल्या वहीत टिपते. नऊ दिवस झाले, काटा हलत नाही. कसा हलेल? "खळ पातळ होतेय का माझी? पाणी आतच बसतंय," असं म्हणत तिनं आज एका बुकबाइंडरला गाठलं. त्यानं खळ घट्ट कर म्हणून सांगितलं. आता नव्यानं खळ शिजवते आहे. तळाला लागली, दोनदा टाकली.

ही मला म्हणाली, "पोरगी रडकुंडीला आली आहे, तुम्ही एवढे कारागीर, जरा बघा की तिचं काय चुकतंय."

मी म्हटलं, बघतो.

मनात आलं की सांगून टाकावं. पण आता सांगितलं तर नऊ दिवस गंमत बघत होतो असं होईल. आणखी थोडं जाऊ दे.

१ मार्च
अकरा खुर्च्या वर्गात गेल्या. पोचवायला मी गेलो होतो. काय तो गोंधळ! एक दातपडकी पोरगी खुर्ची डोक्यावर घेऊन वर्गभर हिंडत होती, "मी छत्री, मी छत्री." लेकीनं टाळी वाजवली की सगळे उठायचे, खुर्च्या उचलायचे आणि गोल. पुन्हा टाळी, आणि चार-चार. लोखंडी बाकांवर हे जन्मात झालं नसतं. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणजे रत्न आहे." माझी छाती फुगली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पोरांनी तासाभरात खुर्च्यांची दोन नावं पाडली. हलक्या चार त्या 'चिमण्या', बाकीच्या सात 'हत्ती'. चिमणीसाठी मारामारी. हत्ती कुणाला नको, ते ओढत न्यावे लागतात. एक पोरगा रडला, "बाई, मला रोज हत्तीच का?"

लेक माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "बघा, त्यांनाही कळतं. माझ्याच हाताला काहीतरी झालंय. पहिल्या चार कशा काय जमल्या, देव जाणे."

११ मार्च
तिनं नवीन ठरवलं. थर सोळाऐवजी दहा. कागद कमी, म्हणजे पाणी कमी, म्हणजे वजन कमी. हिशेब बरोबर आहे, फक्त पायाच खोटा आहे, आणि तो मी घातला आहे.

"दहा कमी पडतील," मी म्हटलं.

"मग काय करू? सोळा थरांच्या सात बिघडल्या ना?"

बिघडल्या नाहीत, हे वाक्य जिभेवर होतं. गिळलं. ती आता शाळा सुटल्यावर वर्गातच काम करते, येण्याजाण्याचा वेळ वाचतो म्हणून. तिथे माझ्या रिपांना वाव नाही.

२२ मार्च
दहा थरांची एक खुर्ची आज मोडली. मागचा पाय बैठकीतून निखळला. बसलेली होती ती दातपडकी. टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटली, दोन टाके पडले. लेक तिला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाली. तिच्या अंगावरची ओढणी रक्तानं भरली होती.

मी शाळेत पोचलो तेव्हा वर्ग रिकामा होता. मोडकी खुर्ची बघितली. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. पहिला विचार असा आला की बघा, कागद तो कागदच, माझ्या सातांतली एकही मोडली नाही. दुसरा विचार यायला संध्याकाळ झाली.

२४ मार्च
दोन दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. पोरीची आई शाळेत येऊन बोलायचं ते बोलली. लेकीनं ऐकून घेतलं. दहा थरांच्या उरलेल्या तीन तिनं स्वतः पाय देऊन मोडल्या.

आज मी म्हटलं, "पायात लाकूड घालू या का? उघडपणे. सगळ्यांना सांगून."

"लाकूडच घालायचं तर मग कागद कशाला, बाबा? पोरांनी काय ओढायचं?" मग बराच वेळ खळ ढवळत राहिली. "चूक कुठे होते तेच सापडत नाही. तीच खळ, तोच कागद, तेच आपले हात. चार चिमण्या, सात हत्ती. मला काही येत नाही, असं वाटायला लागलंय."

अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. ती समोर बसली होती, ही आत होती, दार लावलेलं होतं. मी म्हटलं, "होईल सगळं नीट."

६ एप्रिल
सोळा थर पुन्हा सुरू केले. नवीन नऊ झाल्या, सगळ्या चिमण्या. एकीलाही मी हात लावला नाही. ती आनंदली आहे, पण कोड्यात आहे. ऊन वाढलं म्हणून नीट वाळल्या असाव्यात, असं तिनं तिच्या वहीत लिहिलं.

१४ एप्रिल
आज काय झालं ते क्रमानं लिहितो.

समितीचे पाच जण आले. अध्यक्ष आधी टेबलावर हात टेकून उभे राहिले, मग एका खुर्चीवर बसले, मग मुद्दाम हलून बसले. खुर्ची चिमणी होती. काही झालं नाही. लेकीनं पोरांकडून गोल करवला, चार-चार करवले. हनुवटीला पट्टी लावलेली दातपडकी सगळ्यांच्या पुढे. अध्यक्ष खूश. म्हणाले, "बाई, कमाल आहे. आत आहे तरी काय?"

"कागद," लेक म्हणाली. "नुसता कागद आणि खळ. कापून बघा हवं तर. कुठलीही निवडा."

एक सदस्य म्हणाले, "बघू या. करवत आहे का?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी उभा होतो, हत्यारांची पेटी बरोबर होती, काही लागलं सवरलं तर म्हणून नेली होती.

मी पुढे झालो आणि एक चिमणी उचलली. सदस्य म्हणाले, "ती नको, तिच्यावर अध्यक्ष बसले होते. ही कोपऱ्यातली घ्या."

कोपऱ्यातली सातवी होती.

करवत चालत नाही असं म्हणू शकलो असतो. चक्कर आली म्हणून बसू शकलो असतो. काहीच सुचलं नाही. पाय धरला आणि करवत लावली. कागदावर करवत खसखस वाजते, कणसाची सालं काढल्यासारखी. मग आवाज बदलला. कागद संपला, लाकूड लागलं. खोलीत तो फरक दोनच माणसांना कळला. मला, आणि सुताराच्या लेकीला. पाळण्यात होती तेव्हापासून ऐकतेय ती.

"थांबा, बाबा."

पण पाय अर्धा कापला गेला होता. सदस्यांनी वाकून पाहिलं. "हे तर लाकूड आहे."

पोरं कुजबुजत होती, "हत्तीच्या पोटात बघ, हत्तीच्या पोटात बघ."

मग मी बोललो. म्हटलं, "सात खुर्च्यांत आहे. पाचवी ते अकरावी. मी घातलं. हिला माहीत नाही. बाकीच्या तेरा निव्वळ कागदाच्या आहेत."

अध्यक्ष तिला म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर चाललेल्या कामात काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही? आणि आम्ही तुमच्या भरवशावर पोरं बसवायची?"

माहीत होतं म्हणाली असती तर लबाड ठरली असती. माहीत नव्हतं म्हणावं तर अडाणी. तिनं फक्त म्हटलं, "काम माझं आहे. जबाबदारी माझी."

निर्णय पुढे ढकलला. लोखंडी बाक उद्यापासून परत. करायला गेलो एक.

१५ एप्रिल
ती आदळआपट करेल असं वाटलं होतं. त्याची तयारी होती माझी. तिनं सकाळी चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"मी नऊ दिवस खुर्च्या उन्हात फिरवत होते. तुम्ही बघत होतात."

"हो."

"थर कमी केले तेव्हाही बघत होतात."

"हो."

"त्या पोरीचे टाके, बाबा."

कपावर आलेली साय मी बोटानं बाजूला केली.

मग तिनं विचारलं, "आणखी कशात कशात आहे?"

मला आधी समजलं नाही. म्हटलं, "त्या सातच. शपथ."

"खुर्च्यांचं नाही विचारत. ही नोकरी. मोठ्या बाईंना तुम्ही भेटला होतात?"

"नुसता शब्द टाकला होता. शाळेची दारं मी केली होती, तेवढी ओळख होती."

"मुलाखतीच्या आधी की नंतर?"

"आधी."

तिनं मान डोलावली, एखादं माप बरोबर निघाल्यासारखी. "मला वाटत होतं, ते तरी मी मिळवलं."

ती शाळेत गेल्यावर ही म्हणाली, "तुम्हाला तिची काळजी होती हे मला कळतं हो." जरा थांबून म्हणाली, "पण काळजी कसली होती? ती पडेल याची, की तुमच्याशिवाय उभी राहील याची?" असलं काही ही कधी बोलत नाही. हिचं वाक्य जसंच्या तसं इथे उतरवलं आहे.

२९ एप्रिल
मोडीत निघालेल्या खुर्च्या आणायला शाळेत गेलो. मोठ्या बाईंपाशी जरा बसलो. म्हटलं, चूक माझी आहे, पोरीला शिक्षा नको. त्या म्हणाल्या, "तिनं स्वतःच राजीनामा दिलाय. मी थांबवत होते." मग सहज म्हणाल्या, "आणि नोकरीचं म्हणाल, तर तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशीच आमची नावं ठरली होती. तिचं पहिलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी 'बघते' म्हटलं होतं."

घरी येईपर्यंत पायांत जोर होता. कधी एकदा तिला सांगतो असं झालं होतं. दारात आलो आणि कळलं की सांगता येणार नाही. हेही मीच बाईंकडून वदवून घेतलं, असं तिला वाटेल. वाटेल काय, वाटणारच. मीही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

शाळेच्या फाटकाशी दातपडकी भेटली होती. हनुवटीवर बारीक रेघ राहिली आहे. म्हणाली, "आजोबा, मी हत्तीवर बसले असते तर पडले नसते ना?"

म्हटलं, "हत्तीच नसते, तर पडली नसतीस बाळ."

तिला ते कळलं नाही. पळाली.

३ मे
शाळेतून आणलेल्यांत एक चिमणी होती, पहिल्या चारातली. अंगणात ठेवून तिच्यावर हत्यारांची भरलेली पेटी ठेवली, वर दोन विटांच्या थप्प्या. तीन दिवस झाले. अजून तशीच उभी आहे. ही म्हणाली, "आता कुणाला दाखवताय?" सगळं उतरवून ठेवलं.

१२ मे
लेकीनं गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. तिथल्या एका लहान शाळेत लागली आहे. कुणाच्या ओळखीनं, हे मी विचारलं नाही. सामान नेताना टेम्पोवाल्यानं दोरी सैल बांधली होती. माझे हात शिवशिवले. पाठीमागे एकात एक धरून ठेवले. ती आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "येते, बाबा."

टेम्पो वळेपर्यंत माझं लक्ष दोरीवरच होतं. तिच्याकडे बघायचं राहून गेलं.

१६ जून
महिन्यानंतर आज पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. हिनंच पाठवलं, "जा, तिनं दोनदा फोनवर विचारलंय तुमचं." खोली लहान, पण उजेडाची. भिंतीला नळ्या उभ्या केलेल्या, दोरीवर कागदाच्या पट्ट्या वाळत. काम चालू आहे तिचं. हाताला कागदाच्या कडांनी चिरा पडल्या आहेत. एक शब्दही त्याबद्दल बोललो नाही. सल्ला दिला नाही, कशाला हात लावला नाही, दाराची कडी बारीक आहे तेही बोललो नाही. पुरा वेळ उभा होतो. खोलीत खिडकीपाशी एकच खुर्ची होती, कागदाचीच. तिनं चहा केला, कप हातात दिला, खुर्ची थोडी पुढे सरकवली. मी उभ्यानंच प्यायलो. उगाच तिला त्रास नको, घडीभर आलोय, असा विचार केला. ती एकदा खुर्चीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. निघताना म्हणाली, "राहू दे, बाबा. समजलं मला." काय समजलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर हिनं सगळं खोदून खोदून विचारलं. काय बोलली, कशी दिसते, चहा कसा झाला होता.

"आणि बसलात कुठे?"

"उभाच होतो. खुर्ची एकच होती."

"पोरांच्या मापाची?"

"नाही, मोठ्या माणसाची. पाठही उंच होती, हातही होते तिला."

हिच्या हातातलं काम थांबलं. "अहो, ती खुर्च्या नेहमी पोरांसाठी करते. एकटी राहते, पलंगावर बसते. ती मोठी खुर्ची कुणासाठी केली असेल?"

हिनं हातातलं बाजूला ठेवलं.

"आणि तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात."

तास-दीड तास उभा होतो. पाय भरून आले होते. बसायला हवं होतं.